सुकट कुणी झाकली?

१

मलमलीच्या फडक्याची गाठ सुटली आणि आतून पैठणीऐवजी बंगल्यातली चादर निघाली.

आक्काबाई दराड्यांनी ती चादर दोन्ही हातांनी वर धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि मटकन खाटेवर बसल्या. बाहेर नुकतीच पावसाची मोठी सर येऊन गेली होती. पागोळ्या गळत होत्या आणि वर लख्ख ऊन पडलं होतं. त्या बेटावर हवेचा काही भरवसाच नव्हता.

"वैनी, नीट बघा. ट्रंकेत खाली गेली असंल," दारातून त्यांचे दीर कारभारी म्हणाले.

"ट्रंकेत काय बघू? सकाळी या हातानं बघितलीय म्या. वारं सुटलं म्हणून गाठोडं चाचपाय आले, तर हलकं लागलं. माझ्या धन्यानं येवल्याहून आणलेली पैठणी! परवा सुनेच्या अंगावर घालायची होती मला."

आता आम्ही तिथे कसे, ते सांगतो. मी मोतीराम पगारे, नाशिकच्या एका सरकारी कचेरीतला कारकून. माझी बायको सिंधू शाळेत शिकवते. एकोणऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तिने समुद्र पाहायचा हट्ट धरला. मी म्हटलं, पाणीच पाहायचं तर गंगापूरचं धरण काय वाईट आहे? सायकलवरून जाता येतं. पण माझं कोण ऐकतो! दोन एस. टी. गाड्या आणि एक होडी बदलून आम्ही कोकणातल्या या कासवबेटावर येऊन पडलो. मुंबईच्या कुणा शेठचा जुना बंगला होता, तो पाहुण्यांना भाड्याने मिळायचा. तिथे पोहोचलो तर पुढ्यात विंचूरचे दराडे! समुद्र पाहायला यावं आणि गाववाले भेटावेत, याला मी नशीब म्हणतो. चांगलं की वाईट ते विचारू नका.

दराडे तिघं होते. कारभारी हे कांद्याचे बडे बागायतदार, गडगडाटी हसणारे. त्यांची बायको लताबाई, अबोल. आणि आक्काबाई म्हणजे कारभारींच्या विधवा थोरल्या वहिनी. पोरक्या दिराला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे घरात शब्द त्यांचा. कल्याणला त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता. त्याआधी वहिनीला समुद्र दाखवावा म्हणून कारभारींनी जीप वाकडी केली होती. पहिल्या दिवशी आमचं आडनाव विचारून झाल्यावर आक्काबाईंनी आपला पाण्याचा पेला जरा पलीकडे सरकवला. सिंधूने ते पाहिलं, आणि तिने पाहिलेलं मी पाहिलं. आम्हाला सवय आहे.

"ही चादर कुणाकडं असती?" आक्काबाई उठून उभ्या राहिल्या. "आपण सकाळी फिराय गेलो, तवा खोली कुणी झाडली? आन् दुपारी टोपली घेऊन पलीकडं कोण गेलं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात चांगुणा उभी होती. बंगल्याची राखण, झाडलोट, स्वयंपाक, सगळं तीच करायची. नवरा समुद्रात बुडून गेलेला. बंगल्यामागची एक खोली हेच तिचं घर. होडीतून ती आत्ताच परतली होती आणि हातात पिठाची टोपली तशीच होती.

"माय, मी नाय घेतली तुमची साडी," ती म्हणाली. "माजं घर इथंच हाय. मी कशाला घेऊ?"

"मग किल्ल्या टाक खाली. सकाळच्या होडीनं पोलिसात चल. आन् तुझ्या शेटलाबी कळवते."

चांगुणाने कमरेचा जुडगा काढून आक्काबाईंच्या हातात दिला. मला राग आला, पण माझा राग घशापर्यंतच येतो, पुढे येत नाही.

सिंधूने माझी बाही ओढली. मला वाटलं, ही आता भांडणार. पण ती कानात भलतंच बोलली.

"अहो, पैठणीचं राहू द्या. मला सांगा, सुकट कुणी झाकली?"

२

सुकटीची भानगड अशी. चांगुणा मागच्या अंगणात बारीक मासळी वाळत घालायची. तिच्या पावसाळ्याची तेवढीच बेगमी. दुपारी ती पलीकडे गेली तेव्हा आभाळ निवळ होतं, म्हणून सगळी सुकट उघड्यावर पसरलेली होती. मधेच काळं झालं, वीज कडाडली आणि सर कोसळली. होडीतून उतरल्यावर ती बिचारी रडतच धावत आली. पाहते तर सगळी सुकट गोळा करून वर होडीचं जुनं शीड टाकलेलं, आणि खाली एक दाणा भिजलेला नाही!

"ज्यानं झाकली त्याचं देव भलं करो!" असं ती मोठ्याने म्हणाली होती. आणि पुढच्याच घटकेला तिच्यावर चोरीचा आळ आला.

"कुणीतरी झाकली असेल," मी म्हणालो. "पुण्याचं काम केलं."

"हो ना? मग सांगत का नाही? चोरी केलेली माणसं लपवतात, ते समजतं. चांगलं काम केलेलं कोण लपवतं?"

तिने मला ओढत अंगणात नेलं. शीड अजून तसंच होतं. सुकटीचा लांबट ढीग लावलेला, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता. वाऱ्याच्या बाजूला शिडाच्या काठावर दगड ओळीने ठेवलेले. पलीकडची बाजू मात्र हातभर मोकळी, आणि भोवती काठीने ओढलेली पाणी जायची चारी. सिंधू उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली.

"चांगुणाबाई, तुम्ही पावसात असंच झाकता?"

"नाय ओ. आमी भराभरा टोपलीत भरतो नि घरात नेतो. असं पाळण्यातल्या पोरासारखं कोण झाकतंय!"

सिंधू हसली. मला तिचं हे हसणं ठाऊक आहे. मी बाजारातून कांदे आणल्यावर त्यात एक सडका निघणार, हे तिला पिशवी उघडायच्या आधी कळतं, तेव्हा ती अशीच हसते.

तेवढ्यात आतून आक्काबाईंचा आवाज आला. ओरडून त्यांचा घसा सुकला होता आणि पिण्याच्या पाण्याचा रांजण ठणठणीत कोरडा होता. बेटावरची विहीर खारट. अंघोळीला, भांड्यांना ते पाणी चालायचं, पण प्यायचं गोडं पाणी पलीकडून होडीने यायचं. चांगुणा शपथेवर सांगत होती की दुपारी जाताना रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता.

"आता पाणीबी चोरलं का?" आक्काबाई कडाडल्या आणि खोकत बसल्या.

सिंधूने आमचा फिरकीचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. आक्काबाईंनी तांब्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मग तो उचलून घटाघटा पाणी प्यायल्या. मला फार बरं वाटलं. सिंधू मात्र रिकाम्या रांजणात डोकावत होती.

"अख्खा रांजण," ती पुटपुटली. "इतकी तहान कुणाला लागली?"

३

मग तिने एकेकाला गाठलं. पोलिसी थाटात नाही, शाळेत मुलांना विचारते तसं, जवळ बसून.

पहिले बहिरू अण्णा. हे नाशिकरोडचे निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटेच समुद्राची चित्रं काढायला आलेले. गळ्यात तुळशीची माळ. दर अर्ध्या तासाने आभाळ रंग बदलायचं आणि अण्णा चित्र फाडायचे. पावसात ते ओलेचिंब होऊन आले होते, आणि आपली पिशवी ते कुणाला हात लावू देत नव्हते.

"अण्णा, पिशवी दाखवता?"

"माझ्यावर संशय? बाई, मी माळकरी माणूस आहे!"

"म्हणून तर म्हणते. पिशवीला वास येतोय."

अण्णांचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघत त्यांनी पिशवीचं तोंड किंचित उघडलं. आत वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील होते. "शेजाऱ्यासाठी घेतलेत," ते घाईघाईने म्हणाले. शेजारी कोण ते आम्ही विचारलं नाही.

मी सिंधूला बाजूला घेतलं. "सापडला! माळकरी माणसाने सुकटीला हात लावला, म्हणून कबूल करत नाही. सुकट यानेच झाकली."

"मीही आधी तसंच समजले होते. पण अण्णा पाऊस सुरू झाला तेव्हा पार तिकडच्या टोकाला होते. व्हरांड्यातून त्यांची छत्री उलटी झालेली मी पाहिली. आणि ज्याला स्वतःची छत्री सावरता येत नाही, त्याने ते शीड टाकलं?"



दुपारी सिंधू स्वतः पुढच्या व्हरांड्यात वाचत होती, आणि तिच्या शेजारी आरामखुर्चीत आक्काबाई घोरत होत्या. मी कुठे होतो हे कुणी विचारलंच नाही. मी जेवणानंतर झोपतो हे बायकोलाच काय, होडीवाल्यालाही समजलं होतं.

लताबाई मागच्या पायरीवर बसून ओले केस पुसत होत्या. "माझं डोकं दुखत होतं," त्या म्हणाल्या. "पडून राहिले. मग डोक्यावरून पाणी घेतलं. पैठणीचं मला काय ठाऊक? दर दिवाळीला तिची घडी मोडून नवी घालायची, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. तेवढंच माझं काम. लग्न झाल्यापासून करते."

"कधी नेसलात?"

लताबाईंनी नुसती मान हलवली. "जाऊबाईंची आहे. आता सुनेची होईल."

सकाळी खडकांवरून फिरताना आक्काबाईंनी पैठणीची सगळी हकिगत आम्हाला ऐकवली होती. ओहोटी होती, पायाखाली शेवाळ, एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावर उभा पाऊस. अंजिरी रंग, पदरावर मोर, धन्याने बैलजोडीच्या आधी ती घेतलेली, सगळं सांगून झालं. तेव्हा लताबाई मागे राहून पाण्याकडे बघत होत्या, आणि कारभारी बायकोकडे. नव्या नवरदेवासारखे काय बघताय, अशी त्यांची थट्टा करायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

शेवटी कारभारी. ते डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते.

"म्या? म्या जेवून जो आडवा झालो तो डायरेक्ट चहाला उठलो. पाऊस पडला म्हणता? मला तर पत्ताच नाय!" आणि ते हसले. पण त्या हसण्यात काल रात्रीचा गडगडाट नव्हता.

परतताना सिंधू एकदम थांबली.

"काल जेवताना काय झालं होतं, आठवतंय?"

४

मला आठवत होतं. काल आम्ही पानावर बसलो आणि पत्र्यावर दोन थेंब वाजले. दोनच! तर कारभारी उष्ट्या हाताने ताटावरून उठले आणि "झाका रे, झाका!" ओरडत अंगणात पळाले. तिथे झाकायला काहीच नव्हतं. परत आले तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. ते म्हणाले, "हसा. कांदा रानात काढून पडलेला आसला ना, मग थेंबाचा आवाज आला का माझा जीव ऱ्हात नाय. एकदा भिजला का सगळा सडला."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? माझं माहेर त्याच बाजूचं. वडील दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जायचे. मधे उंच ढीग, वाऱ्याच्या अंगाला दगड, आणि पलीकडचं तोंड मोकळं, म्हणजे आत घाम धरत नाही. भोवती चारी. हे कोळ्यांचं काम नाही, कांदेवाल्याचं आहे. आणि पत्र्यावरच्या दोन थेंबांनी ताटावरून उठणारा माणूस विजेच्या कडकडाटात झोपून राहिला, असं तो सांगतोय."

"म्हणजे कारभारी चोर?"

"चोर फडक्यात चादर कशाला घालून ठेवेल? फडक्यासकट नेईल ना. चादर त्याने घातली, ज्याला पैठणी गुपचूप परत आणून ठेवायची होती. आणि रांजणातलं पाणी कुठे गेलं? खाऱ्या पाण्याची विहीर भरलेली असताना गोडं पाणी कशाला लागतं? जे खारं झालंय ते धुवायला."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. इतकी वर्षं या बाईने मला भाजीत मीठ कमी झालं तर सांगू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला त्या घटकेला वाटलं.

"मग जाऊन सांगू या आक्काबाईंना!"

"नको. आपण सांगितलं तर ते कबूल करणार नाहीत, आणि आक्काबाई दिराचं ऐकतील की आपलं? शिवाय," ती म्हणाली, "तो माणूस वाईट नाही. त्याला स्वतः उठू द्या."

पश्चिमेकडून पुन्हा काळे ढग चढत होते. वारा पडला होता. ऊन पडलं म्हणून चांगुणाने शीड काढून सुकट पुन्हा पसरली होती. ती उचलायला ती टोपली घेऊन निघाली, तर सिंधूने तिचा हात धरला.

"चांगुणाबाई, आज उचलू नका. राहू द्या पसरलेली. शीडही तिथेच पायरीवर असू द्या."

"बाय, भिजली तर माजं सगलं जाईल. नोकरी गेली, घर गेलं, वर हेबी?"

"भिजणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

चांगुणाने आभाळाकडे पाहिलं, सिंधूकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवली. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला असता, तर मी पळून गेलो असतो.

५

दिवेलागणीला सगळे मागच्या पडवीत बसलो. चहा अण्णांनी केला, कारण चांगुणाला आक्काबाईंनी समोर कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. जुडगा आक्काबाईंच्या कमरेला होता. पुढ्यात अंगण, अंगणात सुकट.

"जागची हलू नको," त्या चांगुणाला म्हणाल्या. "हललीस तर पळालीस असं समजंल मी."

पहिला थेंब पडला. मग दुसरा.

मी कारभारींकडे बघत होतो. त्यांच्या हातातली बशी थांबली. नजर अंगणात गेली, तिथून शिडावर, आणि शिडावरून सिंधूवर. सिंधू शांतपणे त्यांच्याकडेच बघत होती. बस्स, त्यांना कळलं. उठलो तर पकडलो जाणार, हे त्यांना पुरतं कळलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

वीज चमकली. चांगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. थेंब टपटप वाजायला लागले. कारभारींच्या कपाळावर घाम आला. लताबाईंनी त्यांचा सदरा मागून धरला होता, तो मला आता दिसला.

"सोड, लता," ते म्हणाले.

आणि उठले. "झाका रे!" एवढ्या मोठ्याने ओरडले की आक्काबाईंचा कप सांडला. अंगणात उडी, दोन्ही हातांनी सुकट ओढून मधे ढीग, वर शीड. वाऱ्याच्या अंगाला पहिला दगड, मग दुसरा. पलीकडचं तोंड मोकळं. काठीने चारी ओढायला ते वाकले, आणि पावसात तसेच वाकून राहिले.

"दुपारीबी म्याच झाकली, वैनी," खाली बघत ते म्हणाले. "म्या झोपलो नव्हतो. त्या बाईनं पैठणी घेतली नाय. म्या घेतली."

"मी घेतली," लताबाई उठल्या. त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "यांनी नुसतं म्हटलं, की परवा ती सुनेची होणार. इतकी वर्षं घड्या घातल्यास, एकदा अंगाला तर लाव. इथं कोण बघतंय. तुम्ही झोपला होता. मी खाली खडकावर जाऊन नेसले. भरती कधी चढली समजलंच नाही. लाट आली ती थेट छातीपर्यंत. तेवढ्यात वीज झाली, आणि हे मला तसंच खडकावर सोडून सुकट झाकायला पळाले!"

एवढ्या गंभीर घटकेला अण्णांना हसू फुटलं. मलाही.

"गोड्या पाण्यानं खळबळली," लताबाई रडत होत्या. "खाली किनाऱ्यावर एक पडकी चौकी आहे, तिथं सावलीला घातलीय. पदराची जर काळवंडलीय. काठाचा रंग उतरलाय. तुम्ही आळ घातला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडेना, जाऊबाई."

पाऊस आता जोरात होता. मी मनात म्हटलं, संपलं, आता या घराची दोन घरं होणार.

"कारभारी," आक्काबाईंनी हाक मारली.

"जी, वैनी."

"कशी दिसत व्हती?"

कारभारींनी मान वर केली. भिजून भिजून त्या आडदांड माणसाचं पार पोर झालं होतं. "लय भारी, वैनी," ते म्हणाले. "लय भारी दिसत व्हती."

आक्काबाईंनी डोळे पुसले. "सुनेला नवी घेऊ. डागाची पैठणी लेकरू कशाला नेसंल? ती लताचीच. कल्याणला तीच नेस, डागासकट." मग कपाळावर हात मारला. "येवढ्या वर्सात म्याच इचारलं नाय, तर तू तरी काय करशील!"

तेवढ्यात वाऱ्याने शिडाचं एक टोक उचललं. जागची हलू नको ही ताकीद विसरून चांगुणा धावली आणि दोन्ही हातांनी टोक दाबून धरलं. पायरीखाली उतरायला आक्काबाईंना एरवी दोघांचा आधार लागायचा. त्या एकट्या उतरल्या. भर पावसात चांगुणाजवळ गेल्या, कमरेचा जुडगा सोडला आणि चांगुणाचे हात गुंतलेले पाहून स्वतःच तो तिच्या कमरेला खोचला.

"चुकलं माझं, माय," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून एक धोंडा उचलला. "सांग, ह्यो कुठं ठिवू?"